वरच्या मजल्यावरची गैरहजर

सोमवार, ४ मार्च

आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी हॉस्पिटलच्या डायलिसिस विभागाच्या दारातल्या स्क्रीनने माझ्या सख्ख्या बहिणीला हाकलून दिलं. वेळ मी मनगटावरच्या घड्याळात पाहिली आणि भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून घेतली. उद्या कोणी म्हणायला नको, की म्हातारीला नीट दिसलं नसेल.

ताईने नेहमीप्रमाणे कार्ड लावलं. हिरवा दिवा लागून ‘खुर्ची चार’ असं यायच्या ऐवजी लाल पट्टी आली. ‘आपली जागा रद्द झाली आहे. कारण : सलग तीन वेळा गैरहजर.’

गैरहजर! ताई त्या तिन्ही वेळी याच हॉस्पिटलात, याच इमारतीत, दोन मजले वर न्यूमोनियाने ॲडमिट होती. डायलिसिस तिच्या खाटेशी मशीन आणून झालं. यांनीच तिला वर झोपवून ठेवलं आणि यांनीच खाली तिची गैरहजेरी मांडली. याला म्हणतात चोर सोडून संन्याशाला फाशी.

हेडसिस्टर बाहेर आली. “आजी, माझ्या हातात असतं तर आत्ता बसवलं असतं. पण तुमच्या नावाचा फिल्टरचा डबा स्टोअरमधून निघायला हवा ना.”

“आजी कोणाला म्हणतेस?” ताई म्हणाली. उभं राहवत नव्हतं, पण हे भांडण ती सोडायची नाही.

चौथ्या खुर्चीत, खिडकीजवळ, ताईच्या जागेवर एक धिप्पाड गृहस्थ बसले होते. बस चालवतात. आम्हाला बघून उठायला लागले. “बाई, मला परवा मेसेज आला, सकाळची जागा झाली म्हणून. कधीची वाट बघत होतो. संध्याकाळी सुई लावली की दुसऱ्या दिवशी बस चालवता येत नाही हो.”

“बसा, बसा. नळ्या ओढाल,” ताई म्हणाली.

ताईला आता संध्याकाळच्या शेवटच्या पाळीत टाकलं आहे. त्या पाळीने तिचं काय होतं ते मला माहीत आहे. पहिल्या वर्षी तीच पाळी होती. घरी येईपर्यंत रक्तदाब खाली, जेवण नाही, दुसरा दिवस अंथरुणात. सकाळची पाळी मिळाल्यापासून ती माणसात आली. ती जागा गेली म्हणजे नुसती खुर्ची गेली असं नाही.

टॅक्सीत ताईचं भलतंच. “माझ्या शेजारची पाच नंबरची खुर्ची रिकामीच असते गं नेहमी. मी पिशवी ठेवते तिच्यावर. तिथे का नाही बसवत मला?”

“सगळ्या जागा भरल्यात ताई, स्क्रीनवर लिहिलंय,” मी म्हटलं. अशा वेळी तिला पिशवी आठवते!

एक गोष्ट लिहायची राहिली. त्या स्क्रीनमागचा नियम मी लिहिलेला आहे. निवृत्त होईपर्यंत त्या हॉस्पिटलचा कॉम्प्युटर विभाग माझ्या हाताखाली होता. ॲडमिट असलेला पेशंट गैरहजर धरायचा नाही, हे मी स्वतःच्या हाताने त्यात घातलं होतं आणि दहा वेळा तपासलं होतं. माझा नियम असं करूच शकत नाही. कोणीतरी त्याची वाट लावली आहे, आणि ते कोण, हे मला शोधायची गरज नाही. उद्या जाते.

मंगळवार, ५ मार्च

ऑफिसचे बूट काढले, पॉलिश केले. ताई म्हणाली, “वरातीला निघालीस का?” मी नाड्या बांधल्या आणि निघाले.

माझ्या खुर्चीवर आता होयबा बसतो. होयबा हे नाव मीच ठेवलं होतं, तो नवीन लागला तेव्हा. कोणी काहीही सांगितलं की तो ‘हो’ म्हणतो. डोक्यावरचे केस गेले, मुलगी कॉलेजात गेली, ‘हो’ मात्र आहे तसंच. त्याच्या टेबलाशेजारी आणखी एक खुर्ची मांडलेली होती, पाठीला उशी लावलेली. कोणी पाहुणा यायचा असेल.

“या मॅडम. वाटच... म्हणजे, बसा.”

मी उभीच राहिले. “तुझ्या मशीनला वरचे मजले दिसत नाहीत का?”

“हो मॅडम. म्हणजे नाही. ते दुरुस्त केलंय. तुम्ही गेल्यावर वरचे दोन मजले बांधले, वॉर्ड वर हलवले, तेव्हा नियमाला सांगून ठेवलं, की आता हेही वॉर्ड बघ.”

“दाखव.”

त्याने दाखवलं. खरंच होतं. नवे वॉर्ड व्यवस्थित जोडलेले. आणि वर माझी टीप! प्रोग्राम वाचणाऱ्याला सूचना म्हणून मी लिहिलेली, माझ्या आद्याक्षरांसकट : ‘हा नियम संपूर्ण व्यवस्थेत फक्त याच ठिकाणी आहे. बदल करायचा तर इथेच करावा.’ इतक्या वर्षांनी ती बघून चष्मा पुसावा लागला. धूळ फार आहे त्या खोलीत.

“मग ताईची जागा गेली कशी?”

होयबा पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “मॅडम, ही फिजिओथेरपीची प्रत आहे.”

“प्रत?”

“डायलिसिसची वेगळी आहे.”

ती उघडली. तोच नियम, तीच टीप, तीच आद्याक्षरं. फक्त वरचे मजले नाहीत. ही प्रत अजून जुन्या इमारतीत राहते! तिच्या लेखी ताई हवेत तरंगत होती.

माझ्यादेखत त्याने मजले जोडले. शुक्रवारपासून सकाळची जागा परत, असं म्हणाला. दारात मला म्हणाला, “ताईंना सांगा, झालं काम.” याला ताईची एवढी काळजी कधीपासून? घरी विचारलं, तर ताई म्हणते, “मी कशाला त्याला फोन करू?” फोनचं मी विचारलंच नव्हतं. तापाने डोकं शिणलंय तिचं अजून.

शुक्रवार, ८ मार्च

मी सांगते, असा तमाशा मी नोकरीतल्या सगळ्या वर्षांत पाहिला नाही.

ताईने कार्ड लावलं. हिरवा दिवा. ‘खुर्ची चार’. मी जिंकल्याच्या थाटात आत गेले. ताई बसली, बाही वर केली, आणि डबा येईना. हेडसिस्टरने स्टोअरला फोन लावला. स्टोअर म्हणतं, “त्यांची जागा रद्द आहे. चार नंबरचा डबा बस ड्रायव्हरच्या नावाने निघालाय.”

तेवढ्यात दारात ड्रायव्हर. त्यांना लाल पट्टी. म्हणजे दाराच्या मते जागा ताईची, स्टोअरच्या मते ड्रायव्हरची.

ड्रायव्हरभाऊ दाराच्या चौकटीला टेकून म्हणाले, “खुर्ची तुमची, डबा माझा. निम्मं निम्मं करायचं का ताई?”

ताई एवढी हसली की तिला खोकला आला. हेडसिस्टरही तोंडावर हात धरून हसत होती. मला हसायला काय झालं कळेना. सकाळभर चौथी खुर्ची रिकामी राहिली आणि दोघं संध्याकाळच्या पाळीत गेली.

स्टोअरलाही स्वतंत्र प्रत आहे, होयबाने फोनवर कबूल केलं. “आणखी कोणाकोणाला आहे?” मी विचारलं. “हो मॅडम,” म्हणाला.

शनिवार, ९ मार्च

ताई दिवसभर झोपून. पेज केली, तीही ठेवून दिली.

मंगळवार, १२ मार्च

सोमवार जाऊ दिला, कारण होयबा म्हणाला, स्टोअरचं झालं. तेही झालं नव्हतं. म्हणजे झालं होतं, पण आता ताईच्या फोनवर मेसेज आला : ‘आपली जागा रद्द झाली आहे. येऊ नये.’ मेसेज पाठवणाऱ्याचीही वेगळी चूल! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मी सरळ त्या उशीच्या खुर्चीत जाऊन बसले. पाहुणा आला तर आला.

“माझी टीप शोध,” मी म्हटलं.

“हो... म्हणजे?”

“ती टीप मी एकदाच लिहिली. जिथे जिथे नियम उचललास तिथे तीही उचलली गेली असणार, पिशवीबरोबर पिशवीतली पावती जाते तशी. ‘फक्त याच ठिकाणी आहे’ हे शब्द शोध.”

त्याने टाइप केलं. पडद्यावर ओळी उमटल्या. डायलिसिस. फिजिओ. डोळ्यांचा विभाग. मुलांचा विभाग. स्टोअर. मेसेज. प्रतीक्षायादी. सात ठिकाणी माझी टीप, सात ठिकाणी माझी आद्याक्षरं, आणि प्रत्येक ठिकाणी तीच छातीठोक ग्वाही, की हा नियम दुसरीकडे कुठेही नाही!

मी उठून उभी राहिले. शेजारच्या टेबलावरच्या बाईने पाण्याचा ग्लास पुढे केला. तिला वाटलं, मला चक्कर आली. चक्कर कसली! माझ्या अंगात वीज खेळत होती. किती वर्षांनी असा एखादा गुंता समोर आला होता, आणि त्याचं टोक माझ्या हातात.

“वाचता येत होतं ना तुला?” मी होयबाला विचारलं. “बदल इथेच करावा, हे वाचून तू ती ओळ उचलून दुसरीकडे चिकटवलीस?”

“मॅडम, डोळेवाले म्हणाले, आमचा नियम जरा वेगळा हवा. तो बदलला तर फिजिओवाले भांडायला आले, आमचं बिघडलं म्हणून. मग मी म्हटलं, घ्या, तुम्हाला तुमची वेगळी प्रत. त्या दिवशी कोणाचंच काही बिघडलं नाही.”

“त्या दिवशी,” मी म्हटलं.

“हो,” तो म्हणाला. हे ‘हो’ मात्र खरं होतं.

शनिवार, १६ मार्च

चार दिवस लिहायला वेळ झाला नाही. रोज सकाळी जाते. कळफलकाला हात लावायचा मला अधिकार नाही, म्हणून मी सांगते आणि होयबा टाइप करतो. पेशंटची नावं मी बघत नाही. हा दंडक मीच घातला होता, तो माझ्यापासूनच मोडायचा नाही. आधी दोन प्रती शेजारी शेजारी ठेवायच्या, ओळीला ओळ लावायची, फरक दिसला की थांबायचं. हा फरक कोणी मुद्दाम केला, की राहून गेला? सगळी मेख तिथे आहे. शाळेत नन्स आम्हाला खोडरबर वापरू देत नसत. चुकीवर एक रेघ मारायची, वर बरोबर लिहायचं, म्हणजे काय चुकलं होतं तेही दिसत राहतं. होयबाने खोडलंही नाही आणि रेघही मारली नाही. त्याने प्रत्येक वेळी नवी वही आणली.

मी ठरवून गेले होते, की सातही प्रती मोडायच्या आणि माझा मूळ नियम परत बसवायचा. गुरुवारी मुलांच्या विभागाची प्रत उघडली, आणि तिच्यात एक जास्तीची पायरी निघाली. जागा रद्द करण्यापूर्वी घरी फोन करावा. कोणी उचलला आणि बोललं, तरच पुढे जावं.

“हे कोणी घातलं?”

“मी,” होयबा म्हणाला. “लहान मुलांचा प्रश्न होता मॅडम. वाटलं, आधी विचारावं तरी. बाकी ठिकाणी कोणी मागितलं नाही, म्हणून घातलं नाही.”

मी पुन्हा वाचलं. आमच्या घरी फोन आला असता तर मी सांगितलं असतं, ताई तुमच्याच छताखाली आहे. माझ्या मूळ नियमात हे नव्हतं. आता एकाच ठिकाणी नियम करायचा तर तो माझा नाही, मुलांच्या प्रतीवरून करायचा. होयबाला मी शाबासकी वगैरे दिली नाही. चहा आणायला मात्र मी गेले.

ताई म्हणते, “तुझ्या तोंडावर तेज आलंय, धाकटे. माझी जागा गेली तेच बरं झालं.”

“मी संतापलेय,” मी म्हटलं.

“संतापलेली माणसं न्हाणीघरात गाणं म्हणत नाहीत.”

मी म्हणत नव्हते. गुणगुणत असेन.

बुधवार, २० मार्च

स्टोअर, मेसेज आणि दार आता एकच बोलतात. तिघांच्या मते चौथी खुर्ची ताईची. म्हणजे ड्रायव्हरभाऊ बाहेर.

आणि ताई बसायलाच तयार नाही! दाराशी थांबली आणि म्हणाली, “त्यांची नोकरी आहे. मला काय, घरीच पडून राहायचंय. मी जाईन संध्याकाळी.”

मी चिडले. चारचौघांत बोलले, “दोन आठवडे मी कोणासाठी मरतेय मग?”

“ते मी विचारणारच होते,” ताई म्हणाली.

या वाक्याचा अर्थ मला लागलेला नाही. आजारी माणूस काहीही बोलतं. मी हेका सोडला नाही, कारण काल डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “संध्याकाळची पाळी यांच्या हृदयाला झेपणार नाही.” ते ताईला सांगितलेलं नाही.

ताई आत गेली, पण तोंड फिरवून बसली. ड्रायव्हरभाऊ तिच्याशी बोलत जरा टेकले आणि पाचव्या खुर्चीवरची पिशवी उचलून तिच्या मांडीवर देत म्हणाले, “आमच्या बसमध्ये पिशवीने सीट अडवली तर लोक बोंब मारतात. इथे रोज एक सीट रिकामी धावते, रोज तिचा डबा येतो आणि दुपारी स्टोअरला परत जातो, आणि कोणी चकार शब्द काढत नाही.”

“कुठली सीट?” मी विचारलं.

“ही काय, पाच नंबरची.”

“मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,” ताई भिंतीकडे बघत म्हणाली.

मी पळाले. या वयात, पॉलिश केलेल्या बुटांनी, जिन्याने पळाले.

बुधवार, संध्याकाळी, पुढे चालू

सापडलं! लिहितानाही हात थांबत नाही!

होयबाला म्हटलं, “नाव बघू नकोस, मला सांगूही नकोस. पाच नंबरची जागा ज्याच्या नावावर आहे तो गैरहजर का धरला जात नाही, एवढंच बघ.”

त्याने बघितलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. तो पेशंट ॲडमिट आहे. कुठे? तळमजल्यावरच्या जुन्या वॉर्डात. तो वॉर्ड वर हलवून किती काळ झाला! आता तिथे उपाहारगृह आहे, मी रोज तिथूनच चहा आणते. वॉर्ड हलवताना या गृहस्थांचं घरी जाणं त्या जुन्या नोंदीत पडलंच नाही. हेडसिस्टरला विचारलं तर म्हणाली, “पाचवाले ना? त्यांना किडनी मिळाली, ते ठणठणीत होऊन गावी गेले. पेढे वाटून गेले!” बाकी सगळीकडे ते गेले म्हणून मांडलंय. डायलिसिसची प्रत, आणि तिच्यावरून काढलेली स्टोअरची, मात्र अजून जुन्या इमारतीत त्यांना खाटेवर झोपवून आहेत. ॲडमिट पेशंटला गैरहजर धरू नये, म्हणून त्यांची खुर्ची राखून ठेवली आहे, माझ्याच नियमाने, अगदी इमानेइतबारे.

जी वरच्या मजल्यावर होती ती गैरहजर, आणि जो तिथे नाहीच तो हजर. दोन्ही चुका एकाच प्रतीतल्या. आम्ही नवे मजले जोडले होते, जुना काढला नव्हता.

होयबा टाळी द्यायला हात पुढे करून मग ओशाळला. मी दिली टाळी.

शुक्रवार, २२ मार्च

चौथ्या खुर्चीत ताई. पाचव्या खुर्चीत ड्रायव्हरभाऊ. दोन डबे आले, वेळेवर. त्यांनी ताईला विचारलं, “ताई, पिशवी कुठे ठेवणार आता?”

“तुमच्या डोक्यावर,” ताई म्हणाली.

घरी येऊन जेवली. दोनदा वाढून घेतलं.

गुरुवार, २८ मार्च

मुख्य अधिकाऱ्यांनी बोलावलं. मला वाटलं, आभार मानायला. मानले. मग म्हणाले, “आता सगळं सुरळीत चाललंय ना? मग चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची? बाकीच्या प्रती आहेत तशा राहू द्या.”

मी म्हटलं, “फिजिओ, डोळे, मुलं आणि प्रतीक्षायादी अजून आपापल्या मर्जीने चालतात. उद्या तिसरा मजला चढवलात की पुन्हा सात ठिकाणी सांगायचं, आणि तिघांना सांगून विसरायचं.”

“तेव्हाचं तेव्हा बघू. आणि तुम्ही तर निवृत्त आहात, तुम्हाला त्रास कशाला?”

त्रास! मी उठले. होयबा बाहेर उभा होता. “त्यांना काय म्हणालास?”

“हो म्हणालो. हात लावत नाही म्हणालो.”

“आणि मला काय म्हणाला होतास?”

“तुम्हालाही हो म्हणालो होतो मॅडम,” तो अगदी रडकुंडीला आला होता.

१५ एप्रिलला ताईच्या हाताची शीर दुरुस्त करायला तिला ॲडमिट व्हायचं आहे. वरच्या मजल्यावर. सुटलेल्या खुर्च्या वाटते ती प्रतीक्षायादीची प्रत अजून वरचा मजला ओळखत नाही. तिने सलग तीन वेळा गैरहजेरी मांडली तर ताईची खुर्ची पुन्हा कोणाला तरी जाईल, आणि या वेळी रिकामी पाचवी खुर्ची नाही. डॉक्टर काय म्हणाले ते मी विसरलेले नाही.

शुक्रवार, २९ मार्च

ताईला डॉक्टरांचं सांगितलं. ती म्हणाली, “मला माहीत होतं. म्हणून तर...” आणि थांबली.

“म्हणून तर काय?”

“म्हणून तर उशी द्यायला सांगितली. तुझी पाठ दुखते ना.”

पहिल्यांदा माझ्या डोक्यात प्रकाश पडेना. मग पडला : मी जायच्या आधीच तिने होयबाला फोन केला होता, मला कामाला लावायला. तिच्याशी भांडणार होते, पण ती डोळे मिटून पडली होती आणि हसत होती. तिच्याशी पुढच्या आठवड्यात भांडेन.

उद्या सकाळी स्वतः नेऊन द्यायचा मजकूर इथे आधी लिहून ठेवते.

‘मुख्य अधिकारी यांस. सोमवार, ४ मार्च रोजी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आपल्या हॉस्पिटलने आपल्याच खाटेवर असलेल्या पेशंटला गैरहजर ठरवलं. कारण एकच नियम सात ठिकाणी पसरला होता. त्यांतली तीन ठिकाणं दुरुस्त झाली आहेत. राहिलेली आपण आहेत तशी ठेवू म्हणता.

माझं म्हणणं असं. सगळ्या प्रती मोडून नियम एकाच ठिकाणी ठेवावा. तो माझा जुना नको, मुलांच्या विभागाचा घ्यावा. रद्द करण्याआधी घरी फोन करणारा. तो नियम ज्याने लिहिला, त्याचं नाव टिपेत घालावं. त्या टिपेतून माझी आद्याक्षरं काढलीत तरी चालेल, पण ती टीप यापुढे कोणी उचलून दुसरीकडे चिकटवणार नाही अशी व्यवस्था हवी. हे काम १५ एप्रिलच्या आत व्हायला हवं, आणि ते मी करेन. त्यासाठी कळफलकाला हात लावण्याची परवानगी आणि माझ्या जुन्या टेबलाशेजारची खुर्ची मला अधिकृतपणे मिळावी, उशीसकट.

वरील प्रत्येक मुद्द्यावर मला आपलं उत्तर शुक्रवार, ५ एप्रिल, दुपारी बारा वाजेपर्यंत हातात पाहिजे. ते लेखी आणि सहीचं असावं. कोणी तोंडी ‘हो’ म्हणालं, तर ते उत्तर धरलं जाणार नाही.’